विमानाच्या पत्र्यातला तडा : गणित कुठवर पोचले?

प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते तेव्हा बाहेर हवा विरळ असते आणि आत मात्र माणसाला सहज श्वास घेता येईल इतका दाब राखावा लागतो. या फरकामुळे विमानाचे धड दर उड्डाणात किंचित फुगते आणि उतरताना पूर्ववत होते. बोइंग 737 च्या धडाची त्रिज्या साधारण 1.88 मीटर आहे. जुन्या 737 विमानांत पत्र्याची जाडी काही ठिकाणी जेमतेम 0.9 मिलिमीटर होती. दाबाचा फरक 50 किलोपास्कल धरला, तरी परिघाच्या दिशेने पत्र्यात येणारा ताण 100 मेगापास्कलच्या घरात जातो. आतल्या फ्रेम आणि पट्ट्या त्यातला काही वाटा उचलतात. पण रिव्हेटच्या भोकाच्या कडेला हाच ताण काही पटींनी चढतो आणि विमानाच्या आयुष्यात तो हजारो वेळा येतो-जातो. तडा जन्मतो तो अशा जागी.

तडा कधीच पडणार नाही इतके जाड विमान बांधता येईल, पण ते परवडेल इतके हलके राहणार नाही. म्हणून विमान-अभियंत्यांनी फार पूर्वीच तडा गृहीत धरायला सुरुवात केली. त्यानंतर तीन प्रश्न उरतात. तडा किती वेगाने वाढेल? कोणत्या दिशेने जाईल? किती लांब झाल्यावर उरलेला पत्रा भार पेलू शकणार नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे संगणकीय गणिताने आज कितपत देता येतात, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

अपघातांनी घडवलेले शास्त्र

या शास्त्राचा इतिहास अपघातांच्या तारखांनीच सांगावा लागतो. 10 जानेवारी 1954 रोजी जगातल्या पहिल्या जेट प्रवासी विमानांपैकी एक कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटापाशी हवेतच फुटले. 8 एप्रिलला दुसरे नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात पडले. आदल्या वर्षी, 2 मे 1953 ला, कोलकात्याच्या दमदमहून उडालेल्या कॉमेटमधले सर्व 43 जण मरण पावले होते. त्याचे कारण मात्र वादळ ठरवले गेले. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या संशोधकांनी एक आखे कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवले आणि त्याच्या धडावर उड्डाणांसारखा दाब पुन्हा पुन्हा देऊन पाहिला. प्रत्यक्ष केलेली 1,221 उड्डाणे आणि टाकीतली 1,836 आवर्तने मिळून 3,057 व्या फेरीला धड फाटले.

कॉमेट चौकोनी खिडक्यांमुळे पडले, असे सर्रास सांगितले जाते. टाकीतले धड खिडकीच्या कोपऱ्याजवळ फाटले हे खरे आहे. मात्र एल्बापाशी समुद्रातून काढलेल्या अवशेषांत फाटण्याची सुरुवात छतावरच्या अँटेनाच्या उघडीपाशी सापडली. त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच आहे. कॉमेट बनवणाऱ्या कंपनीने याच रचनेच्या एका नमुन्याची आधीच चाचणी घेतली होती आणि तो नमुना सुमारे 16,000 आवर्तने टिकला होता. इतका फरक का पडावा? त्या नमुन्यावर थकव्याच्या, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराने धातू कमजोर होण्याच्या, चाचणीपूर्वी, मजबुती तपासण्यासाठी, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब दिला गेला होता. त्यामुळे भोकांच्या कडांचा धातू थोडा कायमचा ताणला गेला. दाब काढल्यावर भोवतालच्या धातूने त्याला आत दाबून धरले आणि त्या दाबाखाली थकव्याचे तडे लवकर पडले नाहीत. जास्तीचा भार एकदा येऊन गेला की पुढच्या तड्याचा वेग मंदावतो, ही गोष्ट आजच्या संगणकीय प्रतिकृतींनाही पूर्णपणे आवाक्यात आलेली नाही. तिच्याकडे पुढे वळू.

कॉमेटनंतर रचनेचे तत्त्व बदलले. एक भाग तुटला तरी शेजारच्या भागांनी भार उचलावा, असे ठरले. 22 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेच्या नेव्हाडातील नेलिस तळाजवळ जेमतेम शंभर तास उडालेल्या एफ-111 लढाऊ विमानाचा पंख गळून पडला. पंखाच्या बिजागरीच्या पोलादात बनवतानाच राहिलेला दोष हे त्याचे कारण होते. त्यातून 1974 मध्ये अमेरिकी हवाई दलाने नवा दंडक आणला. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक विमानात, सर्वांत नाजूक भोकाच्या कडेला, 1.27 मिलिमीटरचा तडा आहेच असे मानून त्याच्या वाढीचा हिशेब करायचा. 1977 मध्ये झांबियातील लुसाकाजवळ एका जुन्या बोइंग 707 मालवाहू विमानाची शेपटीची आडवी पाती तुटली, तेव्हा पर्यायी आधार आधीच थकलेला असू शकतो हेही कळले. 1978 मध्ये नागरी विमानांच्या नियमांतही तडा गृहीत धरण्याचे हेच तत्त्व आले. तेव्हापासून तड्याच्या वाढीचे गणित विमानाच्या मंजुरीची कायदेशीर अट झाले.

एका समीकरणाचा आधार

या गणिताच्या मुळाशी तीन पावले आहेत. ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920-21 मध्ये काचेवरच्या प्रयोगांतून तड्याच्या वाढीला ऊर्जेच्या हिशेबात बसवले. 1957 मध्ये जॉर्ज अर्विन यांनी तड्याच्या टोकाजवळच्या ताणाची सगळी तीव्रता एका संख्येत मांडता येते हे दाखवले. पुढे बोइंगमध्ये काही काळ काम केलेल्या पॉल पॅरिस यांनी सुचवले की प्रत्येक आवर्तनात तडा किती पुढे सरकतो हे या संख्येच्या चढउतारावर ठरते. नामांकित नियतकालिकांनी त्यांचा लेख नाकारला आणि शेवटी तो 1961 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका साध्या नियतकालिकात छापून आला. फाझिल एर्डोगान यांच्याबरोबरचा 1963 चा लेख आज या विषयाचा पाया मानला जातो.

पॅरिस यांच्या नियमाचे सार थोडक्यात सांगता येते. तीव्रतेचा चढउतार वाढला की तड्याचा वेग त्याच्या एका घाताने वाढतो आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत हा घातांक साधारण 3 ते 4 असतो. या घातांकाचे परिणाम प्रत्येक अभियंत्याने डोक्यात ठेवावेत असे आहेत. ताणाचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला, तर वेगाचा अंदाज 33 ते 46 टक्क्यांनी चुकतो. म्हणून नेहमीच्या व्यवहारात, तडा उपकरणाने दिसण्याइतका होण्यापासून घातक लांबी गाठेपर्यंत जितकी उड्डाणे होतात, त्याच्या निम्म्या अंतराने तपासणी ठेवली जाते. पहिल्या फेरीत तडा निसटला तरी दुसरी संधी राहते. प्रवाशाच्या दृष्टीने संगणकातल्या साऱ्या गणिताचे शेवटचे उत्तर म्हणजे हा तपासणीचा कालावधी.

पट्ट्या, रिव्हेट आणि जाळी

सपाट, मोकळ्या पत्र्यासाठी अर्विनची संख्या कागदावर काढता येते. विमानाचे पॅनेल मात्र तसे नसते. पत्र्याला आतून लांबीच्या दिशेने स्ट्रिंगर आणि गोलाईत फ्रेम रिव्हेटने जोडलेल्या असतात, शिवाय पत्रा वक्र असतो. तडा पट्टीजवळ आला की पट्टी त्याच्यावरचा भार ओढून घेते आणि त्याचा वेग मंदावतो. पट्टी तुटलेली असेल तर तोच तडा वेगाने धावतो. 1971 च्या सुमारास डग्लस कंपनीत टॉम स्विफ्ट यांनी आणि नासामध्ये सी. सी. पो यांनी रिव्हेटचा लवचीकपणा धरून हे गणित मांडले. मधली पट्टी तुटलेली असतानाही पट्ट्यांमधले दोन गाळे ओलांडणारा तडा पेलता आला पाहिजे, हा निकष त्याच काळात रुळला.

फायनाइट एलिमेंट पद्धत आली तशी ही आकडेमोड कुठल्याही आकाराच्या पॅनेलवर करता येऊ लागली. पॅनेलचे लहान तुकड्यांच्या जाळीत विभाजन करायचे आणि प्रत्येक तुकड्याचे समीकरण सोडवायचे. अडचण तड्याच्या टोकाशी होती, कारण सिद्धान्तानुसार तिथे ताण अनंत होतो आणि साध्या जाळीला तो पकडता येत नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यावर एक सोपी युक्ती सापडली. तुकड्याच्या कडेवरचा मधला बिंदू टोकाकडे एक चतुर्थांश अंतरावर सरकवला की तोच अनंत ताण आपोआप हिशेबात येतो. 1977 मध्ये रिबिकी आणि कॅनिनेन यांनी तडा बंद करायला लागणाऱ्या ऊर्जेवरून तीव्रता काढण्याची रीत दिली. ही रीत पुढे नेण्यात भारताचा ठोस वाटा आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी. दत्तगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ती चतुर्थांश बिंदूच्या तुकड्यांशी जोडून दिली. नासाच्या लँगली केंद्रात आय. एस. राजू आणि जे. सी. न्यूमन यांनी पृष्ठभागावरच्या तड्यांसाठी काढलेली सूत्रे आजही रोजच्या वापरात आहेत.

तडा सरकला की जाळी बदलावी लागते. ही कटकट कमी करण्याचे तीन मार्ग पुढे आले. पहिला, दर पायरीला टोकाभोवती नवी जाळी आपोआप विणायची. कॉर्नेल विद्यापीठातील इंग्राफिया यांच्या गटाने फ्रँक नावाच्या प्रणालींतून हे साधले. दुसरा, जाळी तशीच ठेवून तडा तुकड्याच्या आरपार जाऊ द्यायचा आणि त्या तुकड्याच्या गणितात तुटीची खास पदे घालायची. मोएस, डॉल्बो आणि बेलिच्को यांनी 1999 मध्ये मांडलेली ही रीत आज बाजारातल्या संगणक प्रणालींत तयार मिळते. तिसरा मार्ग सर्वांत धाडसी आहे. फ्रँकफोर आणि मारिगो यांनी 1998 मध्ये मांडलेल्या ऊर्जेच्या विचारातून निघालेल्या फेज-फील्ड रीतीत तडा ही रेघ राहत नाही. धातू कुठे किती खराब झाला हे शून्य ते एक यांमधल्या संख्येने सांगितले जाते, आणि तडा कुठे फाटा फोडेल किंवा दुसऱ्याला मिळेल हे वेगळे सांगावे लागत नाही. स्ट्यूअर्ट सिलिंग यांच्या 2000 मधल्या पेरिडायनॅमिक्स या रीतीचाही हाच दावा आहे.

या तिन्हींत श्रेष्ठ कोण, हा वाद मला काहीसा अप्रस्तुत वाटतो. नियमित पॅनेलमधल्या एकट्या तड्याला पहिली आणि दुसरी रीत पुरते, आणि दोघींची उत्तरे बव्हंशी जुळतात. फेज-फील्डची खरी गरज फाटे फुटतात, तडे मिळतात तिथे आहे. तिच्यापुढे मात्र दोन अडचणी आहेत. तड्याच्या धूसर पट्ट्याची रुंदी हा धातूचा गुण मानायचा की केवळ गणिताची सोय, यावर तिच्या पुरस्कर्त्यांतच एकमत नाही. शिवाय तो पट्टा नीट पकडायचा तर जाळी फार बारीक लागते, आणि लाखो आवर्तनांचा थकवा एकेक करून मोजणे संगणकालाही जड जाते. म्हणून अनेक आवर्तने एका उडीत ओलांडण्याच्या युक्त्या शोधल्या जात आहेत. आखे पॅनेल या रीतीने सोडवून त्यावर विमानाची मंजुरी मागण्याची वेळ अजून आलेली नाही.

तडा कोणीकडे वळेल?

दिशेचा प्रश्न वरवर सोपा दिसतो. एर्डोगान आणि सिह यांनी 1963 मध्येच सांगितले होते की परिघीय ताण जिथे सर्वाधिक तिकडे तडा वळतो. प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्यांत हे बहुधा खरे ठरते. वक्र, दाबाने फुगलेल्या पत्र्यात लांब तड्याच्या कडा बाहेर फुगतात, टोकाशी वाकणे आणि ताणणे एकत्र येते, आणि तड्याला समांतर असलेला ताणही दिशा ठरवण्यात हात घालतो. लाटलेल्या पत्र्याची ताकद सगळ्या दिशांना सारखी नसते, ही आणखी एक गुंतागुंत.

हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. जुन्या 737 मध्ये अपेक्षा अशी होती की लांबीच्या दिशेने धावणारा तडा पट्टीपाशी वळेल, पत्र्याचा एक पदर उघडेल, दाब सुरक्षितपणे निघून जाईल आणि फाटणे थांबेल. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या विमानात ही अपेक्षा फोल ठरली. 24,000 फुटांवर छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग उडून गेला. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला, बाकीचे सारे उतरले. त्या विमानाची 89,680 उड्डाणे झाली होती. चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळच्या पत्र्यात भेग दिसली होती, पण तिने ती कोणाला सांगितली नाही.

पत्र्याच्या एकावर एक चढलेल्या जोडाचा गोंद खाऱ्या, दमट हवेत सुटला होता. त्यामुळे सगळा भार रिव्हेटांवर आला आणि एका ओळीतल्या कितीतरी भोकांना छोटे छोटे तडे पडले. एकेक तडा किरकोळ होता. पण ते एका रांगेत असल्यामुळे वळायला जागा उरली नाही आणि ते एकमेकांना मिळत गेले. एकच तडा धरून केलेले सगळे गणित इथे निरर्थक ठरले.

रिव्हेटऐवजी एकसंध कोरलेल्या किंवा वेल्डने जोडलेल्या पॅनेलांत दिशेचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. वजन आणि खर्च वाचतो म्हणून लेसर वेल्डिंगची पॅनेले एअरबसच्या काही विमानांत आली. पण तिथे तडा पट्टीच्या मुळाशी पोचल्यावर थांबत नाही, पट्टीतही शिरतो. वेल्डमध्ये अडकलेले अंतर्गत ताण त्याला कधी थोपवतात, कधी ढकलतात. हे ताण मोजणे अवघड आणि ते जसेच्या तसे प्रतिकृतीत उतरवणे त्याहून अवघड.

न मिटलेले मतभेद

सर्वांत जुना वाद तडा मिटण्याचा आहे. 1970 च्या सुमारास वोल्फ एल्बर यांनी दाखवले की भार पूर्ण उतरण्याआधीच तड्याचे ओठ मिटतात, कारण मागे ताणलेल्या धातूचा थर उरतो. म्हणून आवर्तनाचा उघड्या तड्यावरचा भागच वाढीला कारण होतो. न्यूमन यांची फास्ट्रॅन प्रणाली आणि नासात घडलेली नासग्रो या विचारावर उभ्या आहेत आणि त्यांच्या अंदाजांचा इतिहास भक्कम आहे. वासुदेवन आणि सदानंद यांनी 1990 च्या दशकात याला हरकत घेतली. ओठ मिटण्याचा परिणाम वाजवीपेक्षा मोठा धरला जातो, चढउताराबरोबर कमाल तीव्रताही तडा पुढे नेते आणि टोकापुढचे अंतर्गत ताण जास्त महत्त्वाचे आहेत, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना आपापले प्रयोग आहेत. तड्याच्या वर्तनाचे वर्णन दोघेही बऱ्यापैकी करतात, त्यामुळे केवळ वाढीच्या आलेखावरून निवाडा होत नाही.

हा वाद विमानाच्या खऱ्या भारांपाशी आला की फरक पडतो. उड्डाणात झोत, वळणे, उतरण्याचे धक्के असे लहानमोठे भार मिसळून येतात. कॉमेटच्या नमुन्यात दिसलेला मंदावा इथे पुन्हा भेटतो. व्हीलर आणि विलनबोर्ग यांनी 1970 च्या दशकारंभी दिलेल्या रीती सोप्या आहेत, पण त्यांतले स्थिरांक प्रत्येक भारमालिकेसाठी नव्याने बसवावे लागतात. बसवलेला स्थिरांक म्हणजे भाकीत नव्हे, हे भान अनेक शोधनिबंधांत सुटलेले दिसते.

लहान तड्यांचा प्रश्न वेगळा. अर्ध्या मिलिमीटरहून लहान तडा बऱ्याचदा पॅरिसच्या नियमापेक्षा वेगाने वाढतो, आणि पॅनेलच्या आयुष्याचा मोठा भाग त्याच अवस्थेत जातो. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण संशोधकांनी सेवेतून काढलेली लढाऊ विमाने उलगडून मांडले की घातक ठरणारा तडा जवळपास पहिल्या दिवसापासून घातांकी गतीने वाढतो. मग सुरुवातीचा खड्डा केवढा होता, यावरच सगळे ठरते.

शिवाय धातू स्वतःच एकसारखा वागत नाही. व्हर्क्लर आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये 2024-टी3 या विमानाच्या ॲल्युमिनियमचे एकसारखे 68 तुकडे एकसारख्या भाराखाली तपासले. 9 मिलिमीटरचा तडा 49.8 मिलिमीटर होईपर्यंत सर्वांत अल्पायुषी आणि सर्वांत दीर्घायुषी तुकड्यांत जवळपास दीडपटीचा फरक पडला. म्हणून नेमके एकच आयुष्य सांगणाऱ्या प्रतिकृतीपेक्षा संभाव्यतेचा पट्टा देणारी प्रतिकृती मला अधिक प्रामाणिक वाटते. नियामकांना मात्र शेवटी एकच आकडा लागतो, आणि पट्ट्यातला कोणता आकडा घ्यायचा हा संकेत अजून सर्वत्र सारखा नाही.

प्रतिकृतीची परीक्षा

अलोहानंतर नासाच्या लँगली केंद्राने पट्ट्यांसह रुंद पॅनेले फाडून पाहिली. पातळ पत्र्यात तडा फाटत जाताना त्याच्या टोकाचा उघडण्याचा कोन, 2024-टी3 मध्ये पाच अंशांच्या आसपास, जवळजवळ स्थिर राहतो असे दिसले. हा एक कोन छोट्या नमुन्यावर मोजून मोठ्या पॅनेलची उरलेली ताकद, रांगेतल्या छोट्या तड्यांसकट, चांगल्या अचूकतेने सांगता आली. माझ्या मते या क्षेत्रातले हे सर्वांत स्वच्छ यश आहे, कारण मोजमाप एकीकडे झाले आणि भाकीत दुसरीकडे तपासले गेले. अमेरिकी विमान प्रशासनाच्या अटलांटिक सिटीजवळच्या केंद्रात वक्र पॅनेलांवर दाब आणि ओढ एकत्र देऊन चाचण्या होतात. त्याच प्रशासनाने डेल्टा कंपनीबरोबर, जवळपास 60,000 उड्डाणे झालेले बोइंग 727 उलगडून त्याच्या जोडांतले खरे तडे मोजले.

तरी 1 एप्रिल 2011 रोजी ॲरिझोनावरून उडणाऱ्या साउथवेस्टच्या 737-300 च्या छताला मोठे भोक पडले. तो जोड इतक्या लवकर तडकेल अशी निर्मात्याची अपेक्षा नव्हती. तपासात आढळले की कारखान्यात पत्रा बदलताना काही भोके नीट जुळली नव्हती. तड्याच्या वाढीचे गणित इथे चुकले नव्हते, त्याला दिलेले भोक चुकीचे होते.

आता डिजिटल प्रतिकृतीची चर्चा आहे. प्रत्येक विमानाचे संगणकातले जुळे ठेवायचे, त्याच विमानाने सोसलेले भार त्यात भरायचे आणि तपासणीत जे सापडेल त्यानुसार अंदाज सुधारत जायचा. कल्पना योग्य दिशेची आहे, कारण ती गणिताला मोजमापांनी वारंवार ताळ्यावर आणते. यंत्र-शिक्षणाने तीव्रतेची आकडेमोड झपाट्याने होते हेही सिद्ध झाले आहे. पण शिकवणीच्या माहितीबाहेरच्या परिस्थितीत, म्हणजे नव्या जोडात किंवा नव्या मिश्रधातूत, ते कितपत भरवशाचे हे कळलेले नाही. तंतुमय संमिश्रांच्या विमानांत तर बव्हंशी वेगळाच नियम चालतो. तिथे दोष वाढणारच नाही अशी रचना करून वाढीचे भाकीत टाळले जाते.

भारतापुरते बोलायचे तर बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजला थकवा-चाचण्यांची जुनी परंपरा आहे. नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांची, नागपूरला मिहानमध्ये प्रवासी विमानांची मोठी दुरुस्ती होते. जुनी विमाने उलगडताना सापडणाऱ्या तड्यांची लांबी, जागा आणि उड्डाणांची संख्या यांची नोंद खुल्या अभ्यासासाठी मिळाली, तर आपल्या दमट, खाऱ्या किनाऱ्यावर उडणाऱ्या विमानांसाठी ती परदेशी आकड्यांपेक्षा उपयोगी पडेल. विमान कंपन्यांनी आणि दुरुस्ती केंद्रांनी नावे झाकून का होईना, ती खुली करावी.

नियमांची स्थिती स्पष्ट आहे. 1998 च्या दुरुस्तीनंतर अमेरिकेत नव्या मोठ्या प्रवासी विमानाला रांगेतल्या तड्यांबाबत पूर्ण आकाराच्या थकवा-चाचणीचा पुरावा द्यावा लागतो, आणि 2011 मध्ये लागू झालेल्या नियमाने किती उड्डाणांपर्यंत हा पुरावा वैध मानायचा याची मर्यादा जाहीर करणे निर्मात्याला बंधनकारक केले. ती मर्यादा केवळ संगणकातल्या भाकितावर वाढवता येत नाही.